विश्लेषण : वालाला दिवाळीच्या सुमारासच फूल का येते? आणि कांद्याला नको तेव्हा डेंगळे का येतात?

विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या दक्षिणेचे राजोडी मुंबईकरांना माहीत आहे ते समुद्रकिनारा आणि रिसॉर्टसाठी. पण सुरूच्या झाडांमागे, रस्त्याच्या आतल्या अंगाला वसईचा जुना वाडीपट्टा सुरू होतो. विहिरीच्या पाण्यावरचा भाजीपाला, केळी, फुले आणि मांडवावरचे वेल ही त्याची ओळख. वसईच्या भाजीवाल्या पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन मुंबई गाठायच्या, तो माल याच पट्ट्यातला.

या भागात हिवाळा आला की घरोघरी उकडहंडीची आठवण निघते. वालपापडी, कोनफळ, रताळी एकत्र शिजवून केलेला हा पदार्थ पावसाळ्यात का होत नाही? कारण साधे आहे. तेव्हा पापडीच नसते. जून-जुलैत लावलेला गावठी वाल पावसात मांडवभर पसरतो, पाने हिरवीगार असतात, खत-पाणी भरपूर असते. पण फूल येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र वेल एकाएकी फुलतो.

घाटावर याच्या उलट तक्रार ऐकू येते. नाशिक, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांत कांद्याला फूल यायला नको असते. तरी काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत पातीच्या मधोमध पोकळ दांडा निघतो आणि त्यावर पांढरा गोंडा धरतो. शेतकरी याला ‘डेंगळे’ म्हणतात. डेंगळा आलेला कांदा आतून कडक होतो, चाळीत टिकत नाही आणि बाजारात कमी भावात जातो. मग गावागावांत एकच प्रश्न विचारला जातो : बियाणे खराब होते, की हवामान?

वाल आणि कांदा या दोघांच्या मागे विज्ञान एकच आहे. झाडाने केव्हा फुलायचे, हे त्याच्या जनुकांत लिहिलेले असते. ती जनुके कधी जागी होतात, हे दिवसाची लांबी आणि थंडी ठरवते. हे समजले, तर डेंगळ्यांचा दोष कोणाचा हेही बऱ्याच अंशी ठरवता येते.

झाडाला दिवस लहान झाल्याचे कसे कळते?

झाडाच्या पानांना उजेड आणि अंधार यांतला फरक कळतोच, पण अंधार किती वेळ टिकला हेही मोजता येते. ही गोष्ट पहिल्यांदा ठोसपणे मांडली गेली ती १९२० मध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड हे दोन शास्त्रज्ञ ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूच्या वाणावर काम करत होते. हा वाण उन्हाळ्यात नुसता उंच वाढायचा, फुलायचा नाही. खत, पाणी, तापमान सगळे तपासून झाल्यावर त्यांनी रोपे रोज काही तास अंधारात ठेवली. दिवस कृत्रिमरीत्या लहान केल्याबरोबर रोपांना फुले आली.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून लक्षात आले, की झाड खरे तर दिवसापेक्षा रात्र मोजते. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला, तर झाडाचा हिशेब चुकतो आणि फुलोरा येत नाही. शेवंतीचे शेतकरी आज हेच तंत्र वापरतात. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रात्री बल्बांनी उजळलेल्या शेवंतीच्या शेतांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरतात. ती रोषणाई फुले लवकर यावीत म्हणून नसते. फुले थांबवून ठेवावीत आणि बाजारात भाव असेल तेव्हा आणावीत, यासाठी असते.

राजोडीच्या अक्षांशावर जूनमध्ये सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सर्वात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. माणसाला हा सव्वादोन तासांचा फरक फारसा जाणवत नाही. गावठी वालाला मात्र तो पुरेसा असतो. दिवस एका मर्यादेखाली येईपर्यंत तो फक्त पाने आणि वेल वाढवतो. मर्यादा ओलांडली, की फुलोरा.

यात एक नवी अडचणही दडलेली आहे. वाडीला लागून रिसॉर्टचा किंवा रस्त्याचा प्रखर दिवा रात्रभर जळत असेल, तर त्या उजेडातल्या वेलाला रात्र पुरेशी लांब ‘वाटत’ नाही. अशा मांडवाच्या दिव्याकडच्या बाजूला फुलोरा लांबू शकतो. शहर वाडीला खेटून वाढते, तेव्हा जमिनीबरोबर अंधारही कमी होतो.

यात जनुकांचे काम काय?

रात्र मोजतात ती पाने. पण फूल येते शेंड्यावर. मग पानांचा निरोप शेंड्यापर्यंत कसा पोहोचतो? रशियन शास्त्रज्ञ मिखाईल चाइलाख्यान यांनी १९३० च्या दशकात या न दिसलेल्या निरोपाला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. तो नेमका काय पदार्थ आहे, हे शोधायला पुढची सत्तर वर्षे लागली.

१९९९ मध्ये मोहरीच्या कुळातील एका छोट्या रानटी रोपात ‘एफटी’ नावाचे जनुक ओळखले गेले. २००७ मध्ये स्पष्ट झाले, की या जनुकापासून पानात तयार होणारे प्रथिनच अन्नवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाते आणि तिथे ‘आता पाने थांबवा, फुले काढा’ असा हुकूम देते. हेच फ्लोरिजेन.

म्हणजे झाडात एक साखळी असते. एका टोकाला प्रकाश आणि थंडी ओळखणारी जनुके, मध्ये ‘एफटी’चा निरोप, दुसऱ्या टोकाला फूल घडवणारी जनुके. या साखळीतल्या एखाद्या कडीत छोटासा बदल झाला, तरी वाणाचा स्वभाव पालटतो. एकाच पिकाचा एक वाण पंचेचाळीस दिवसांत फुलतो आणि दुसरा चार महिने वाट पाहायला लावतो, तो या कड्यांतल्या फरकामुळे.

मग बाजारात बारमाही शेंगा कशा मिळतात?

पैदासकारांनी नेमकी हीच कडी बदललेले वाण शोधून वाढवले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘हेब्बाळ अवरे ३’ हा वालवर्गीय वाण दिवसाच्या लांबीकडे लक्ष देत नाही. त्याच शहरातील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने पुढे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे बुटके, मांडव न लागणारे वाण दिले. त्यांना कधीही पेरा, ठरावीक दिवसांनी ते फुलतात. कारण रात्र मोजण्याची सक्तीच त्यांच्यातून गेलेली आहे.

टोमॅटोची गोष्ट अशीच आहे. १९१४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एक वेगळे झाड सापडले. ते वेलीसारखे वाढत राहण्याऐवजी ठरावीक उंचीला थांबायचे आणि एकदम फळे द्यायचे. हा बदल एकाच जनुकातला होता. शेतात आधाराशिवाय घेतल्या जाणाऱ्या आणि सॉससाठी एकाच वेळी तोडल्या जाणाऱ्या टोमॅटोचा पाया म्हणजे हा बदल. दक्षिण अमेरिकेतील रानटी टोमॅटो मोठ्या दिवसांत उशिरा फुलतात; लागवडीतल्या टोमॅटोने तीही सवय सोडली. म्हणूनच तो जगभर कुठेही येतो.

फ्लॉवरचे उदाहरण तर भारतातलेच. १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत फ्लॉवरचे बी आले. ते थंड हवेचे पीक. उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी उष्ण हवेतही गड्डा धरणाऱ्या झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि त्यातून ‘भारतीय फ्लॉवर’ हा वेगळा गटच तयार झाला. जनुक हा शब्दही जन्मला नव्हता, तेव्हापासून शेतकरी जनुकांची निवड करत होते. आजही लवकर येणारा, मध्यम आणि उशिराचा असे फ्लॉवरचे गट तापमानावरून पडतात. गट चुकला, तर गड्डा सुपारीएवढा राहतो किंवा धरतच नाही.

मात्र या सोयीला दुसरी बाजू आहे. दिवसाच्या लांबीला बांधलेला गावठी वाल आधी भरपूर वेल वाढवतो आणि मग महिनोन्‌महिने शेंगा देतो. बुटका वाण लवकर येतो, लवकर संपतो. राजोडीसारख्या ठिकाणी, जिथे शेत गुंठ्यांत मोजले जाते आणि एकच मांडव हिवाळाभर रोजची कमाई देतो, तिथे ‘बारमाही’ म्हणजे ‘जास्त फायद्याचे’ असे समीकरण आपोआप जुळत नाही.

कांद्याचे गणित वेगळे कसे?

वालाला एकच निर्णय घ्यायचा असतो. कांद्याला दोन. कंद कधी पोसायचा आणि फूल कधी काढायचे.

कांदा मुळात दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात बियापासून कंद, दुसऱ्या हंगामात कंदापासून फूल आणि बी. आपण पहिल्या टप्प्यावरच तो काढून खातो. कंद पोसायला दिवसाची ठरावीक लांबी लागते. महाराष्ट्रातले वाण लहान दिवसांत, म्हणजे अकरा-बारा तासांच्या दिवसांत पोसतात. युरोपातल्या वाणांना चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. त्यामुळे तिकडचा वाण इथे लावला, तर पातच वाढत राहते.

फुलासाठी मात्र कांदा दिवसापेक्षा थंडीचा हिशेब ठेवतो. रोप पुरेसे मोठे झाल्यावर त्याला काही आठवडे साधारण ८ ते १३ अंशांची थंडी मिळाली, की फुलाचा दांडा निघतो. रोप लहान असताना कितीही थंडी पडली, तरी ती मोजली जात नाही.

हे दोन निर्णय कांद्यात कोण घेते, याचे उत्तर २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दिले. कांद्यात ‘एफटी’ची एक नव्हे, अनेक भावंडे आहेत आणि त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. पहिले जनुक कंद पोसायला सांगते. दुसरे थंडीनंतर जागे होते आणि फूल काढायला लावते. चौथे पहिल्याला दाबून ठेवते, म्हणजे वेळेआधी कंद पोसू देत नाही. दिवस योग्य लांबीचा झाला, की ते स्वतः मागे हटते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर चांगला कांदा म्हणजे पहिले जनुक जिंकले आणि डेंगळा म्हणजे दुसऱ्याने त्याला गाठले.

रांगड्या कांद्यालाच डेंगळे जास्त का?

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरीप, रांगडा म्हणजे लेट खरीप, आणि रब्बी म्हणजे उन्हाळी. त्यातला रांगडा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात. डिसेंबरची थंडी येते तेव्हा रोप ऐन वाढीत, चांगले मोठे झालेले असते. थंडी मोजायला तयार असलेले रोप आणि प्रत्यक्ष थंडी, दोन्हींची गाठ इथेच पडते. उन्हाळी कांदा लावतात त्या वेळी थंडी जास्त असते, पण रोप लहान असते. म्हणून तो बऱ्याचदा वाचतो.

याच कारणाने जास्त वयाचे रोप लावले की धोका वाढतो. पाऊस लांबला, वाफसा मिळाला नाही, तर रोपे वाफ्यातच थांबतात आणि वाढत राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी पिकाच्या नुकसानीचे पंचनामे होतात. पण लागवडीचे वेळापत्रक सरकल्यामुळे पुढे तीन महिन्यांनी जे डेंगळे दिसतात, त्यांचा संबंध त्या पावसाशी फारसा कोणी जोडत नाही.

हवामान बदलाचा अर्थ इथे फक्त ‘उष्णता वाढली’ एवढाच नाही. पाऊस मागे-पुढे होतो, मध्येच आठवडाभर उकाडा आणि मग एकदम थंडीची लाट येते. वाणाच्या जनुकांनी मात्र जुन्या हवामानाशी जुळलेला हिशेब पाठ केलेला असतो.

राजोडी आणि निफाड यांत नेमका फरक कोणता?

राजोडी आणि निफाड साधारण एकाच अक्षांशाच्या पट्ट्यात येतात. दोन्हीकडे दिवसाची लांबी जवळजवळ सारखीच. म्हणजे वाल दोन्हीकडे साधारण एकाच वेळी ‘दिवस लहान झाला’ असे ओळखेल.

थंडी मात्र सारखी नाही. निफाडचा पारा हिवाळ्यात अनेकदा पाच अंशांच्या आसपास येतो आणि बातम्यांत झळकतो. समुद्राकाठी पाणी हवेला तेवढे गार होऊ देत नाही. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेतील नोंदींनुसार आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी किनाऱ्यावर दहा अंशांखाली पारा जाणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यामुळे एकच बी किनाऱ्यावर शांतपणे कांदा धरील आणि घाटावर डेंगळे काढील, हे सहज घडू शकते. बी तेच असेल, पण त्यातले थंडी मोजणारे जनुक जागे करायला लागणारी थंडी किनाऱ्यावर पुरेशी नसते.

म्हणूनच ‘अमक्याच्या शेतात हेच बियाणे चांगले आले’ हा पुरावा अपुरा ठरतो. कुठे आले, कोणत्या तारखेला लावले आणि त्या दिवसांत पारा किती होता, हे विचारावेच लागते.

मग दोष बियाण्याचा, की हवामानाचा?

दरवर्षी डेंगळ्यांचे फोटो फिरू लागले, की त्यासोबत ‘हे जीएम बियाण्यामुळे होते’ असाही दावा होतो. त्यात तथ्य नाही. भारतात व्यावसायिक लागवडीला परवानगी मिळालेले जनुकीय सुधारित पीक एकच आहे, ते म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने स्थगिती दिली, ती कायम आहे. जीएम कांदा आपल्या बाजारात आलेलाच नाही. डेंगळे हा कांद्याचा मूळ स्वभाव आहे. बी तयार करायला त्याला फुलावेच लागते.

पण म्हणून ‘सगळे हवामानाचे’ असे म्हणून बियाणे विक्रेत्याला मोकळे सोडणेही बरोबर नाही. थंडी सगळ्यांवर सारखी पडते. तिला दाद किती द्यायची, हे वाणागणिक बदलते. खरिपाच्या लागवडीसाठी निवडलेला वाण उन्हाळी हंगामाचा म्हणून विकला गेला, किंवा बीजोत्पादन करताना लवकर फुलणारी झाडे काढून टाकली गेली नाहीत, तर दोष बियाण्यातच असतो.

हे वेगळे कसे करायचे? शेजारची शेतेच बरेच काही सांगतात. एकाच तारखेच्या आसपास लावलेल्या वेगवेगळ्या वाणांना सारखेच डेंगळे आले असतील, तर कारण थंडी किंवा रोपाचे वय असण्याची शक्यता जास्त. पण वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या तारखांना लावलेल्या शेतांत फक्त एकाच लॉटचे बियाणे फुलत असेल आणि बांधापलीकडचा दुसरा वाण स्वच्छ असेल, तर बोट बियाण्याकडेच जाते.

घरचे बी धरणाऱ्यांनी काय पाहावे?

महाराष्ट्रात कांद्याचे बी घरी धरणारे शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी जुना नियम आहे, की डेंगळ्याचे बी धरू नये. यामागचे शास्त्र सरळ आहे. पहिल्याच हंगामात, कंद नीट पोसण्याआधी जे झाड फुलले, त्याची थंडी मोजणारी जनुके जरा जास्तच उतावीळ आहेत. त्याचे बी धरले, तर तोच उतावीळपणा पुढच्या पिढीत पेरला जातो. आयते बी मिळाले म्हणून केलेली ही बचत दोन-तीन पिढ्यांत महाग पडते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कांद्याचे परागीकरण मधमाश्या करतात. शेजारच्या शेतात डेंगळे फुलले असतील, तर त्यांचे पराग आपल्या चांगल्या कंदांच्या गोंड्यांवर येऊ शकतात. म्हणून बीजोत्पादनाच्या प्लॉटपासून दुसरा फुललेला कांदा शेकडो मीटर दूर असावा लागतो. उभ्या पिकातले डेंगळे वेळेवर मोडणे हे आपल्या बियाण्यासाठी आणि शेजाऱ्याच्याही बियाण्यासाठी गरजेचे असते. मात्र दांडा मोडला म्हणून त्याच झाडाचा कांदा सुधारत नाही. निर्णय आत आधीच झालेला असतो.

कायदा काय सांगतो?

सध्याचा बियाणे कायदा १९६६ चा आहे. त्याचा भर बियाण्याची किमान उगवण आणि शुद्धता यांवर आहे. कांद्याचे बी शंभर टक्के उगवले आणि नंतर सगळ्याला डेंगळे आले, तरी उगवणीच्या निकषावर ते उत्तीर्णच ठरते. शेतकऱ्याचे नुकसान मात्र उगवणीनंतर चार महिन्यांनी, तेही खत, मजुरी आणि पाणी खर्च झाल्यावर होते.

तरीही मार्ग बंद नाहीत. कृषी विभागाकडे लेखी तक्रार केल्यावर तालुका पातळीवरील तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. त्यासाठी पक्के बिल, बियाण्याची पिशवी, त्यावरचा टॅग आणि शक्य असल्यास थोडे शिल्लक बी जपून ठेवणे आवश्यक असते. पीक शेतात उभे असतानाच तक्रार करावी लागते. कांदा काढल्यावर पुरावाही जातो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशा दाव्यात रोप टाकल्याची आणि लागवडीची तारीख लिहून ठेवलेली असेल, तर ती फार मोलाची ठरते. हवामानाचा बचाव खरा की खोटा, हे तारखेवरूनच तपासता येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने १९६६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यात वाणांच्या नोंदणीवर भर आहे. वाण कोणत्या हंगामात आणि किती थंडीत फुलतो याची माहिती शेतकऱ्यापर्यंत सोप्या शब्दांत पोहोचली नाही, तर नोंदणी कागदावरच राहील. कांद्याची सार्वजनिक चर्चा आजवर निर्यातीभोवती फिरत आली आहे. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये उठलेली बंदी, एप्रिल २०२५ पासून हटलेले निर्यात शुल्क हे सगळ्यांना आठवते. पण भाव कितीही चांगला असला, तरी डेंगळा तो भाव मिळवून देत नाही.

नवे तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवेल का?

मार्च २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक न घालता केलेल्या जनुक संपादनाला जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. त्यांपैकी ‘कमला’ मूळ वाणापेक्षा लवकर तयार होतो, असे सांगितले गेले. परदेशात टोमॅटोमध्ये फुलोरा लांबवणारे जनुक अशाच पद्धतीने बंद करून लवकर येणारी झाडे तयार केली गेली आहेत.

कांद्यात ही वाट लांबची आहे. कांद्याचा जनुकसंच प्रचंड मोठा, माणसाच्या सुमारे पाचपट आहे. शिवाय एक पिढी पूर्ण व्हायला दोन हंगाम जातात. आणि एक मूलभूत पेच आहे. थंडीत फुलणारे जनुक पूर्ण बंद केले, तर डेंगळे थांबतील, पण बीसुद्धा मिळणार नाही. पैदासकाराला असे झाड हवे, जे शेतकऱ्याच्या शेतात फुलणार नाही आणि बीजोत्पादकाच्या शेतात हमखास फुलेल. ही तारेवरची कसरत राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्था पारंपरिक निवडीतून करत आल्या आहेत. रांगडा आणि रब्बी हंगामासाठीचा ‘भीमा शक्ती’, रब्बी आणि साठवणुकीसाठीचा ‘भीमा किरण’ असे हंगामानुसार वेगळे वाण आहेत, ते याचसाठी.

तोवर शेतकऱ्याच्या हातात तीन गोष्टी उरतात : हंगामाचा वाण त्याच हंगामात लावणे, रोप वाफ्यात म्हातारे होऊ न देणे, आणि डेंगळ्याचे बी न धरणे. चौथी गोष्ट त्याच्या हातात नाही, ती विकणाऱ्याच्या हातात आहे. पिशवीवर उगवणीच्या टक्केवारीशेजारी आणखी एक ओळ छापायची : हा वाण कोणत्या हंगामासाठी नाही. ती ओळ असती, तर दरवर्षी जानेवारीत बांधावर होणारी निम्मी भांडणे बियाणे विकत घेतानाच मिटली असती.